सरकारी नियंत्रणाविरुद्ध युक्तिवाद मांडताना

नियंत्रणाला विरोध करताना ‘सरकारने लुडबूड करू नये’ या घोषणेने सुरुवात करू नये; एखादी वस्तू निवडून नियमामुळे ग्राहकाच्या पदरात काय पडले ते दाखवावे. स्कूटरचेच पाहा. १९५१ च्या उद्योग (विकास व नियमन) कायद्याखाली कारखान्याने किती माल काढायचा हे परवान्यावर ठरत असे. त्यामुळे पुण्याजवळ आकुर्डीला तयार होणाऱ्या बजाजच्या स्कूटरसाठी लोक आगाऊ पैसे भरून वर्षानुवर्षे नंबर लागण्याची वाट पाहत, आणि हाती आलेली गाडी लगेच चढ्या किमतीला विकता येई. ही वरकड रक्कम म्हणजे टंचाईची किंमत, हे आकड्यांआधी समजावून सांगावे.

मग परवान्याचा लाभ कोणाला झाला, हे विचारावे. नियम बहुधा नियंत्रित उद्योगाच्याच सोयीचे बनतात, असे अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज स्टिगलर यांनी १९७१ मध्ये मांडले. आपल्याकडे जुलै १९९१ च्या धोरणाने अठरा उद्योग वगळता परवाने रद्द केले.

सुरक्षिततेच्या नियमांना मात्र हाच न्याय सरसकट लावू नये. ब्रेक सदोष आहे की नाही हे ग्राहकाला दुकानात कळत नाही. तेथे सक्तीऐवजी नुकसानभरपाईची जबाबदारी पुरेल, असे म्हणायचे असल्यास (आपल्या न्यायालयांचा वेग पाहता हे अवघडच) ती वसूल कशी होणार, तेही सांगावे.