वेबसाइट नवी करा, पण जुने पत्ते मोडू नका

कंपनी वाढली की मालकाला पहिली लाज वाटते ती आपल्या वेबसाइटची. गोव्यात कुंडईत किंवा वेर्ण्याला नवी शेड उभी राहते, माल परदेशात जायला लागतो, आणि साइटवर मात्र ‘आमचे नवीन दुकान सुरू झाले आहे’ ही पट्टी अजून उजवीकडून डावीकडे सरकत असते. मग साइट नवी करायचं ठरतं आणि सल्ले देणारे पैशाला पासरी मिळतात. रंग कुठला, बॅनरवर फोटो कुणाचा, लोगो फिरता की स्थिर, यावर बैठकांमागून बैठका झडतात. ज्या गोष्टीने चालता धंदा बसतो तिच्याबद्दल त्या बैठकांत कुणी अवाक्षर काढत नाही. मी काढणार आहे, पण आधी सोप्या पायऱ्या उरकून घेऊ.

चाव्या कुणाकडे आहेत ते बघा

डोमेन (साइटचं नाव) कुणाच्या नावावर आहे, होस्टिंगचं (साइट जिथे ठेवतात त्या जागेचं) बिल कोण भरतं, ओटीपी कुणाच्या मोबाइलवर जातो, हे तीन प्रश्न पहिल्याच दिवशी विचारा. गोव्यात हमखास मिळणारं उत्तर: ‘आमच्या भाच्याने केलं होतं, तो आता जहाजावर असतो.’ भाचा समुद्रात, त्याचं सिमकार्ड बंद, आणि डोमेनची मुदत पुढच्या महिन्यात संपतेय. डोमेन कंपनीच्या नावावर आणि कंपनीच्या ईमेलवर आल्याशिवाय डिझायनरला आगाऊ रक्कम देऊ नका.

मुहूर्त

पर्यटनाशी संबंध असेल तर जून-जुलैत साइट वर चढवा. ऑक्टोबरात सीझन लागला की हात लावायचा नाही. गणेश चवथीच्या आठवड्यात तर नाहीच नाही. ज्याच्याकडे पासवर्ड आहे तो घरी गणपतीवरची माटोळी बांधत असतो.

काय ठेवायचं, काय काढायचं

एक पूर्ण दिवस ऑफिसातल्या फोनपाशी बसा आणि गिऱ्हाईक काय विचारतं ते वहीत लिहा. मग सर्च कन्सोल (साइटमालकांसाठीचं गूगलचं साधन) उघडा. तिथे मागच्या १६ महिन्यांत लोक कोणते शब्द शोधत तुमच्याकडे आले ते दिसतं. वही आणि ही यादी शेजारी ठेवली की निम्मा निर्णय आपोआप होतो. मोपाचा विमानतळ जानेवारी २०२३ पासून चालू आहे, तरी कितीतरी हॉटेलांच्या ‘कसे पोहोचाल’ या पानावर अजून दाबोळीचा जुना विमानतळ एकटाच आहे, आणि रिसेप्शनवरची मुलगी दिवसभर फोनवर मोपाचा रस्ता सांगत बसते. तिला विचारा, साइटवर काय हवं ते. संचालक मंडळाला नंतर विचारलंत तरी चालेल.

भाषा

१९८७ च्या राजभाषा कायद्याने कोकणी आपली राजभाषा झाली आणि मराठीलाही सरकारी कामकाजात जागा मिळाली. इंग्रजी तर गिऱ्हाईकच मागतं. म्हणजे दोन-तीन भाषा आल्याच. आपोआप भाषांतर करणारं बटण लावून मोकळं होऊ नका. नीट लिहिलेली पाच मराठी पानं त्या बटणापेक्षा कितीतरी बरी. जुना मराठी मजकूर युनिकोड (सगळ्या मशिनांवर चालणारी अक्षरपद्धती) येण्याआधीच्या फॉन्टमध्ये असेल तर तो आधी बदलून घ्या, नाहीतर तुमच्या मशिनवर सुंदर दिसेल आणि गिऱ्हाइकाच्या मोबाइलवर कचरा. पानाच्या कोडमध्ये भाषा मराठी अशी नोंदवा, म्हणजे ज्या फॉन्टमध्ये सोय आहे तिथे ल आणि श मराठी वळणाचे उमटतात. अक्षरांत अंतर वाढवायची इंग्रजी डिझायनरांची हौस देवनागरीत चालत नाही, शिरोरेघ तुटते. आणि फॉन्ट पक्का करण्याआधी ‘सुपाऱ्या’ हा शब्द टाईप करून बघा. अर्धा र बिघडला तर फॉन्ट बदला.

डिझाइन

मोबाइलवर बघूनच करा. उघडल्यावर मुख्य फोटो किंवा मजकूर अडीच सेकंदांत दिसायला हवा; गूगलचा निकषही तोच आहे. बाकी आवड तुमची.

पत्त्यांचं खातं

आता खरी गोष्ट. माझ्या सुरुवातीच्या कामांपैकी एक काजूच्या कंपनीचं होतं. म्हापशाच्या बाजारातल्या दुकानापासून सुरू झालेला धंदा, पुढे स्वतःचं युनिट, मग निर्यात. जुनी साइट हाताने लिहिलेली, पानांचे पत्ते (यूआरएल) ‘डॉट एचटीएमएल’ने संपणारे, रंग भडक. मी ती वर्डप्रेसवर (साइट बांधायच्या तयार सॉफ्टवेअरवर) नवी केली. जुने पत्ते सगळे मोडले होते, पण ‘जो कुठल्याही जुन्या पत्त्यावर येईल त्याला मुखपृष्ठावर पाठव’ अशी एक ओळ सर्व्हरवर लिहिली आणि स्वतःवर खूश झालो. शेठ खूश, त्यांची मुलं खूश, मला काजूचा डबा मिळाला. तीन आठवड्यांनी शेठचा फोन: ‘आरे, फोनच वाजना मरे!’

शोधलं तेव्हा कळलं की घाऊक चौकश्यांचा मोठा भाग एका कुरूप पानावरून येत होता. त्या पानावर फक्त एक तक्ता होता: काजूगराच्या प्रती, म्हणजे ग्रेड. डब्ल्यू-१८०, डब्ल्यू-२४०, डब्ल्यू-३२०. आकडा म्हणजे एका पौंडात साधारण किती गर बसतात ते; आकडा जितका लहान तितका गर मोठा. मिठाईवाला किंवा हॉटेलचा खरेदी अधिकारी ‘गोवा काजू’ असं शोधत नाही, तो ‘डब्ल्यू-३२० भाव’ असं शोधतो. नव्या साइटवर ते पान आम्ही घेतलंच नव्हतं. कारण काय, तर तक्ता दिसायला बरा नव्हता.

आणि माझ्या त्या एका ओळीने उरलेली माती केली. म्हापशाच्या बाजारात दुकान हलवलं की शहाणा माणूस जुन्या शटरवर पाटी लावतो: ‘आम्ही मागच्या गल्लीत, तिसऱ्या गाळ्यात.’ माझी पाटी म्हणत होती, ‘आम्ही म्हापशात आहोत.’ प्रती शोधत आलेल्या माणसाला समुद्रकिनाऱ्याचा फोटो दिसायचा आणि तो माघारी फिरायचा. गूगलही असल्या घाऊक उड्यांना भुलत नाही. विषयाशी संबंध नसलेल्या पानावर पाठवलंत तर तो बहुधा ते पान नाहीसं झालं असंच धरतो, आणि त्या पत्त्याने वर्षानुवर्षं कमावलेली पत बुडते. आजही ‘सगळं होमपेजवर टाका, काही होत नाही’ सांगणारे भेटतात. त्यांना चहा पाजा, काम देऊ नका.

तर खातं असं मांडायचं. साध्या स्प्रेडशीटमध्ये डावीकडे साइटवरचा प्रत्येक जुना पत्ता. तो मिळवायला क्रॉलर चालवा, म्हणजे दुव्यांवरून फिरत साइटची पानं गोळा करणारा प्रोग्राम. स्क्रीमिंग फ्रॉग नावाचा क्रॉलर ५०० पत्त्यांपर्यंत फुकट आहे आणि लहान कंपनीला तेवढं पुरतं. पण क्रॉलरवर विसंबून थांबू नका. ज्या पानाकडे साइटवरून दुवाच नाही ते त्याला सापडत नाही, आणि नेमकं तेच कुणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवत असतं. म्हणून सर्च कन्सोलमधली पानांची यादी काढा, ती एका वेळी १,००० ओळींपर्यंत मिळते. जुना साइटमॅप, म्हणजे सर्च इंजिनांसाठी केलेली पानांची यादी, घ्या. मग संगणकासमोरून उठा आणि कागद गोळा करा: व्हिजिटिंग कार्ड, बिलं, डब्यांची लेबलं, हॉटेलच्या खोलीतला क्यूआर कोड, जत्रेत वाटलेली पत्रकं. छापलेला पत्ता दुरुस्त करता येत नाही. भावपत्रकाच्या पीडीएफचा पत्ताही खात्यात आला पाहिजे, तो सर्वांत जास्त फिरलेला असतो.

उजवीकडे प्रत्येकाचं भवितव्य, आणि ते तीनच प्रकारचं असतं. शक्य असेल तिथे जुनाच पत्ता ठेवा. साइटचा चेहरा बदलला म्हणून पत्ता बदलायलाच हवा असं कुठे आहे? निम्म्या कंपन्यांनी एवढं केलं तर पुढचं वाचावंच लागणार नाही. पत्ता बदलणं भागच असेल तर त्याच विषयाच्या नव्या पानावर कायमची वळवणूक (रिडायरेक्ट), सर्व्हरच्या भाषेत ३०१. आणि ज्याला नव्या साइटवर जोडीदारच नाही ते पान सरळ ‘४०४’, म्हणजे ‘पान सापडलं नाही’, होऊ द्या. माल बंद झाला असेल तर बंद झाला, खोटं वळण नको. शंका आली तर जुनं पान उघडून वाचा आणि विचारा: हे शोधत आलेला माणूस नव्या पानावर पोचला तर वैतागेल का? वैतागणार असेल तर ओळ चुकली.

हे काम कंटाळवाणं आहे. दोन दिवस जातात, डोळे दुखतात, आणि मालकाला दाखवायला काही नसतं. म्हणूनच एजन्सीच्या कोटेशनमध्ये ते सापडत नाही. तुमच्याकडे आलेल्या कोटेशनमध्ये ‘रिडायरेक्ट’ हा शब्द शोधा. नसेल तर विचारा, आणि उत्तर ‘प्लगइन करतो’ असं आलं तर उठा. प्लगइन म्हणजे साइटला जोडायचा तयार तुकडा. तो वळवतो खरा, पण कुठून कुठे ते त्याला कुणी सांगायचं?

काही खाचखळगे, सगळे मी पाय मुरगळून शोधलेले. ३०१ च्या जागी ३०२ लागली तर ‘हे तात्पुरतं आहे’ असा निरोप जातो. तीन वर्षं तात्पुरत्या राहिलेल्या वळवणुकी मी पाहिल्या आहेत. साखळी करू नका: २०१६ चा पत्ता २०२० च्यावर, तो आजच्यावर. गूगलचा बॉट (पानं वाचत फिरणारा प्रोग्राम) दहा उड्यांपर्यंत येतो, मोपाच्या टॅक्सीत कमकुवत नेटवर्कवर बसलेला माणूस येत नाही. प्रत्येक जुनी ओळ थेट शेवटच्या पानावर न्या. शेवटची तिरकी रेघ, डब्ल्यू-डब्ल्यू-डब्ल्यू असणं-नसणं आणि इंग्रजी मोठी-लहान अक्षरं, हे सगळे वेगळे पत्ते असू शकतात. आणि मराठी पानांचे पत्ते देवनागरीत करायचा उत्साह आवरा. भाषाप्रेम मजकुरात दाखवा. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह पत्त्यात कॉपी केलं की बहुधा टक्के-चिन्हांसह नऊ अक्षरांचं होतं. ‘काजू’मध्ये अशी चार चिन्हं आहेत, म्हणजे एवढ्याशा शब्दाची ३६ अक्षरांची मालगाडी. ती व्हॉट्सअ‍ॅपवर कुणाला पाठवली तर समोरचा व्हायरस समजून दाबतच नाही. रोमन लिपीतला छोटा पत्ता द्या.

साइट वर चढवण्याआधी डावीकडची पूर्ण यादी चाचणीच्या सर्व्हरवर क्रॉलरला चारा आणि प्रत्येक ओळ कुठे थांबते ते तपासा. नमुन्यादाखल दहा ओळी बघून चालत नाही. माझी चूक अकराव्या ओळीत होती.

चढवण्याचा दिवस

मंगळवार सकाळ. आदल्या दिवशी डीएनएसचा (डोमेन कुठल्या सर्व्हरवर जातं ते सांगणाऱ्या नोंदवहीचा) टीटीएल, म्हणजे जुनी नोंद किती वेळ लक्षात ठेवायची ती मुदत, ३०० सेकंदांवर आणा. फक्त साइटची नोंद बदला, सगळी नोंदवही जिथे असते ते नेमसर्व्हर बदलू नका. एकदा मी बदलले, नव्या ठिकाणी ईमेल कुठे पोचवायचं ते सांगणाऱ्या एमएक्स नोंदी नव्हत्या, आणि एका कंपनीच्या ऑर्डरी दीड दिवस हवेत गेल्या. वर्डप्रेस असेल तर ‘सर्च इंजिनांना येऊ देऊ नका’ ही चाचणीच्या वेळी लावलेली खूण काढलीत ना, ते दोघांनी वेगवेगळं बघा. ती काढायचीही विसरते.

नंतर

नवा साइटमॅप सर्च कन्सोलला द्या आणि दोन आठवडे रोज ‘४०४’ची यादी बघा. गूगलवरचे क्रमांक काही आठवडे वर-खाली होतात, त्याने घाबरून पुन्हा सगळं बदलू नका. वळवणुकी निदान वर्षभर ठेवा असं गूगल सांगतो. मी कधीच काढत नाही.

त्या काजूवाल्यांचं प्रतींचं पान आम्ही त्याच जुन्या पत्त्यावर परत आणलं, तक्त्यासकट. त्यांच्याच सर्व्हरच्या नोंदीत अधूनमधून एक पत्ता येतो, सगळा मोठ्या इंग्रजी अक्षरांत. कोण एवढा ओरडून टाईप करतं ते कळेना. शेवटी शेठच्या घरी जेवायला गेलो तेव्हा स्वयंपाकघरात कंपनीचं बऱ्याच वर्षांपूर्वीचं कॅलेंडर लटकलेलं दिसलं, तळाशी पत्ता, सगळा मोठ्या अक्षरांत. गावभर वाटलं होतं ते. घरी येऊन खात्यात आणखी एक ओळ लिहिली.