भर उन्हात न दिसणारा इंडिकेटर

माझ्या मोटारसायकलचा मागचा इंडिकेटर रात्री ठळक दिसे. मात्र काचेवर थेट ऊन पडले की तो लागला आहे की नाही, हे मागून येणाऱ्याला कळत नसे. अशा वेळी अनेक जण सरळ एलईडी बल्ब बसवतात, पण फिलामेंटच्या, म्हणजे तापून उजळणाऱ्या तारेच्या, बल्बसाठी घडवलेल्या परावर्तकातून त्याचा प्रकाश हवा तसा पसरेलच असे नाही, शिवाय त्याला विद्युतप्रवाह कमी लागत असल्याने जुना फ्लॅशर (इंडिकेटरची उघडझाप घडवणारा भाग) त्याला भलत्याच वेगाने लुकलुकवू लागतो, म्हणून मी आधी मल्टिमीटर हाती घेतला. बॅटरीचे पूर्ण व्होल्टेज होल्डरपर्यंत पोहोचतच नव्हते. अर्थिंगच्या जोडावर गंज चढला होता. फिलामेंटचा हिशेब याबाबतीत फार कठोर आहे: व्होल्टेज 10 टक्क्यांनी घटले तर प्रकाश साधारण 30 टक्क्यांनी घटतो. जोड पॉलिश पेपरने घासून घट्ट आवळला आणि काच आतून धुतली. परावर्तकावर मात्र फक्त मऊ फडका फिरवला, कारण त्याचा चकाकता थर घासल्यास निघून जातो. बल्ब मूळच्याच 10 वॅटचा नवा घातला. जास्त वॅटच्या बल्बच्या उष्णतेने प्लास्टिक वितळू शकते. आता दुपारीही नारिंगी उघडझाप दुरून ओळखू येते. सूर्य खाली उतरून किरण थेट काचेत शिरतात तेव्हा ती अजूनही फिकी वाटते, म्हणून त्या वेळी मी हातानेही इशारा करतो.