गुडघ्यासाठी गोळी घेतली अन् पोट बिघडलं: आयबीडीवाल्यांनो, या चुका टाळा

लग्नसराई सुरू झाली की मला दोन-चार फोन ठरलेले असतात. पलीकडे बहुतेक वेळा नुकतंच आयबीडी (आतड्याला वारंवार सूज येण्याचा जुनाट आजार) निघालेलं पोरगं, नाहीतर त्याची आई, आणि प्रश्न तोच. "काका, पोटाचं तसं ठीक आहे पण गुडघा टम्म सुजलाय, काय घेऊ?" मी विचारतो, काय घेतलं आतापर्यंत? मग जरा शांतता. म्हणजे घेऊन झालंय, आणि आता उलटलंय म्हणून फोन आलाय.

मी डॉक्टर नाही. नागपुरात महालात माझा छोटा छापखाना आहे आणि २०११ पासून अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याची आयबीडी, आहे. सांध्यांचा त्रास त्यानंतर तीन वर्षांनी सुरू झाला. खाली लिहिलेल्या बहुतेक चुका मी स्वतः केलेल्या आहेत, बाकीच्या जवळून पाहिलेल्या आहेत, आणि आता तेच तेच ऐकून खरंच कंटाळा आला म्हणून लिहून टाकतोय.

मेडिकलात जाऊन "दुखण्याची गोळी द्या" म्हणणं

मेडिकलात म्हणजे मेडिकल चौकातल्या मोठ्या दवाखान्यात नाही बरं का, कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात. नागपूरकरांना हे वेगळं सांगावं लागतं.

एप्रिल २०१४. पत्रिकांचा सीझन, मशीन दिवसरात्र चालू, एकेका घरचे लोक चार-चार वेळा येऊन "आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं" च्या खाली मुलांची नावं बदलून राहिले, आणि त्यात माझा उजवा गुडघा सुजला. तीन दिवसांनी डावा घोटा. हात लावला तर गरम. पोटाचं म्हणाल तर दिवसातून तीन-चारदा जावं लागत होतं, थोडी आव पडत होती, पण मी म्हटलं बाहेरचं खाणं चाललंय, ऊन आहे, होतं असं. दुकानातल्या माणसानं एक स्ट्रिप दिली, जेवणानंतर दोन वेळा. तिसऱ्या दिवशी गुडघा असा मोकळा झाला की मी बायकोला म्हटलं, बघ, उगाच डॉक्टरांना पैसे देतो आपण.

नवव्या दिवशी रात्रीतून बारा वेळा, आणि नुसतं रक्त. सहा दिवस ॲडमिट, हिमोग्लोबिन ७.८, सलाईनमधून स्टेरॉइड. डॉक्टरांनी पोटाला हात लावायच्या आधी विचारलं की दुखण्याची कोणती गोळी घेतली. मी "काही नाही, साधीच" म्हणेपर्यंत बायकोनं पर्समधून स्ट्रिप काढून समोर ठेवली. डायक्लोफेनॅक.

आता यात दोन चुका आहेत आणि लोकांना एकच दिसते. गोळी ही एक. डायक्लोफेनॅक, असिक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, नेप्रोक्सेन ही सगळी मंडळी आयबीडीत आतड्याची सूज भडकवू शकतात. प्रत्येकाला भडकवतातच असं नाही, मला असेही लोक माहीत आहेत ज्यांना काही झालं नाही, पण तुम्ही त्यातले आहात की माझ्यातले हे गोळी गिळल्यावरच कळतं. दुसरी चूक जास्त मोठी होती: ती आव. गुडघा-घोट्यासारखे मोठे सांधे, चार-पाचाच्या आतले, अचानक सुजतात, तेव्हा बऱ्याचदा पोटातही काहीतरी सुरू झालेलं असतं. गुडघा मला सांगून राहिला होता की आत फ्लेअर येतोय, म्हणजे आजार पुन्हा भडकतोय, आणि मी त्याचंच तोंड बंद केलं. गंमत म्हणजे पुढे पोटाचा इलाज झाला तसा गुडघाही आपोआप उतरला, पाच-सहा आठवड्यांत, वेगळं काही न घेता. या प्रकारची सूज साधारण दहा आठवड्यांच्या आत जाते आणि सहसा सांध्याचं कायमचं नुकसान करत नाही, हे मला आधी कोणी सांगितलं असतं तर मी एवढा घाबरलोही नसतो.

यावर लोक पळवाटा काढतात त्या ऐका. "आम्ही सोबत गॅसची गोळी घेतो." अहो, पॅन्टोप्राझोल जठराचं ॲसिड कमी करतं, मोठ्या आतड्याला त्याचा काय उपयोग? "आम्ही इंजेक्शनच घेतो, पोटात जातच नाही." औषध रक्तातून सगळीकडे फिरतं, आतड्याला वगळून जात नाही. "आमची गोळी वेगळ्या नावाची आहे." नाव सोडा, स्ट्रिप उलटी करा आणि बारीक अक्षरात आत काय आहे ते वाचा, पॅरासिटामॉलच्या शेजारी बहुतेक वेळा हेच महाशय बसलेले असतात. मी छापखान्यातलं भिंग घेऊन वाचतो, लोक हसतात, हसू द्या.

माझी सवय सांगतो. नुसतं पॅरासिटामॉल, दुसरं काही न मिसळलेलं, डॉक्टरांनी लिहून दिलेल्या मर्यादेत. सुजलेल्या सांध्यावर फडक्यात गुंडाळून बर्फ. आणि त्याच दिवशी पोटाच्या डॉक्टरांना फोन, हाडांच्या नाही. पोट शांत असताना डॉक्टर कधी कधी थोड्या दिवसांसाठी एटोरिकॉक्सिब किंवा सेलेकॉक्सिब देतात, तो त्यांचा निर्णय, शेजाऱ्याच्या स्ट्रिपमधून उरलेल्या दोन घ्यायचा प्रकार तो नव्हे.

दोन डॉक्टर, दोन फाइली, आणि मधे कोणीच नाही

रामदासपेठेत पोटाचे डॉक्टर, धंतोलीत हाडांचे, आणि पेशंट दोघांना एकमेकांचा पत्ता लागू देत नाही. काहून बाप्पा? हाडांच्या डॉक्टरला तुम्ही कोलायटिस सांगितलंच नाही तर तो दुखण्याची गोळी लिहिणारच, त्याची काय चूक. मी एकच फाइल ठेवतो, वरच्या कव्हरवर लाल शाईत "आयबीडी आहे, दुखण्याच्या गोळ्या विचारून" असं छापूनच घेतलंय. शक्य असेल तर संधिवाताच्या डॉक्टरला दाखवा, म्हणजे रुमॅटॉलॉजिस्ट. फ्रॅक्चर बघणारा आणि हा, दोन वेगळे असतात.

कंबर धरली म्हणून पलंग धरणं

ही माझी दुसरी आवडती. माझा भाचा, वय २४, मिहानमधे नोकरी, क्रोन्स (आयबीडीचाच दुसरा प्रकार) होता पण पोट दोन वर्षं एकदम शांत. पहाटे चारला कंबरेच्या खाली, ढुंगणाच्या बाजूला दुखून जाग यायची, कधी उजवीकडे कधी डावीकडे. सकाळी अर्धा-पाऊण तास वाकता यायचं नाही आणि दुपारपर्यंत चालून-फिरून मोकळा. घरच्यांनी ठरवलं, खुर्चीत बसून बसून स्लिप डिस्क झाली. कुठूनतरी बेल्ट आला, तीन आठवडे सक्तीची विश्रांती, उशाला गरम पाण्याची पिशवी, आत्या रोज तेल लावणार. पोरगं आणखी ताठ. तीन आठवड्यांनी त्याला मोजे घालता येईनात.

आता नीट वाचा. साधी कंबरदुखी आराम केला की कमी होते. सूज असलेली कंबर आरामानं वाढते आणि हालचालीनं कमी होते. रात्रीच्या उत्तरार्धात जाग येणं, सकाळचा ताठपणा, वय चाळीसच्या आत, तीन महिन्यांहून जास्त, आणि वर आयबीडी. एवढं जुळलं तर कण्याची आणि कण्याचं खालचं टोक कंबरेच्या हाडाला जोडतं त्या सांध्याची सूज डोक्यात आली पाहिजे. आणि हा कण्याचा प्रकार पोटाचं ऐकत नाही. गुडघ्यासारखा फ्लेअरबरोबर येऊन जात नाही, पोट शांत असतानाही चालू राहतो, म्हणूनच तर कोणाला त्याचा आयबीडीशी संबंध लागला नाही. साधा एक्सरे नॉर्मल आला, त्यावर सगळे खूश, एमआरआयमधे सूज दिसली. एचएलए-बी२७ (कण्याच्या संधिवाताशी जोडलेल्या जनुकाची रक्ताची टेस्ट) निगेटिव्ह आलं म्हणूनही खूश होऊ नका, आयबीडीवाल्यांमधे ते निगेटिव्ह असून कण्याचा त्रास असणारे भरपूर असतात. आरए फॅक्टर तर बहुतेक निगेटिव्हच येतो, ती टेस्टच वेगळ्या आजाराची, रुमॅटॉइड संधिवाताची.

भाच्याला शेवटी ॲडालिमुमॅबचं इंजेक्शन सुरू झालं, ते आतडं आणि कणा दोन्हीवर चालतं. त्याआधी टीबीची तपासणी, छातीचा एक्सरे आणि रक्ताची टेस्ट, आणि त्यावरून घरात दोन दिवस कटकट, की "आपल्या घरात कोणाला टीबी नाही, कशाला उगाच". आपल्या देशात टीबी बऱ्याच जणांच्या शरीरात झोपलेला असतो हो, ही औषधं प्रतिकारशक्ती खाली आणतात आणि तो उठतो. ही टेस्ट टाळून लवकर इंजेक्शन मिळवायची घाई करणारे मला अजिबात समजत नाहीत. उलटंही लक्षात ठेवा, सांध्यांवर चालणारं प्रत्येक महाग इंजेक्शन पोटाला चालत नाही. एटानरसेप्ट आतड्यावर काम करत नाही, सेक्युकिनुमॅबनं क्रोन्स बिघडू शकतो. म्हणून संधिवातवाल्या मावशीचं इंजेक्शन आपल्यालाही मागू नये.

व्यायाम म्हणाल तर आता तो रोज फिजिओनं शिकवलेलं ताणणं करतो आणि मे महिन्यात पहाटे साडेपाचला अंबाझरीला चालतो. साडेसातनंतर नागपूरचं ऊन, आणि जुलाब चालू असतील तर त्या दिवशी चालणं बंद, पाणी आधीच कमी पडलेलं असतं. पण पहिल्याच दिवशी सेमिनरी हिल्सचा चढ चढून दुसऱ्या दिवशी "व्यायामानं काही होत नाही" म्हणणारे पण पाहिलेत मी.

लघवी नारंगी झाली म्हणून सल्फासॅलॅझिन बंद

नारंगीच होते. संत्र्याच्या गावात राहून रंगाला काय घाबरता! हे औषध मुळात सांध्यांसाठीच केलेलं. स्वीडनच्या डॉक्टर नान्ना स्वार्त्स, नाना नव्हे, बाई होत्या, त्यांनी संधिवातासाठी म्हणून ते तयार करवून घेतलं आणि त्यात कोलायटिसच्या पेशंटलाही फरक दिसला, १९४२ मधे त्यांनी ते छापलं. म्हणून हातापायांचे सांधे दुखत असतील तर डॉक्टर साध्या मेसालामिनऐवजी हे देतात, मेसालामिन पोटावर चालतं, सांध्यांवर फारसं नाही. कण्यावर मात्र दोन्हींची मात्रा चालत नाही. असर दिसायला आठवडे लागतात, चौथ्या दिवशी फोन करू नका. सोबत फॉलिक ॲसिड, ठरल्या वेळी रक्ताची तपासणी, आणि सल्फाची ॲलर्जी असेल तर आधी सांगा. लग्न झालेल्या पोरांसाठी एक गोष्ट, जी लाजून कोणी विचारत नाही: यानं शुक्राणू कमी होतात, औषध बंद केल्यावर पुन्हा वाढतात. मूल हवं असेल तर डॉक्टरांना सांगून बदलून घ्या, घरी भांडू नका.

बाकीच्या भराभर.

पुडीवाला. कोणत्यातरी गावात कोणीतरी बाबा, चूर्णाच्या पुड्या देतो आणि दुसऱ्या दिवशी सगळे सांधे मोकळे. दुसऱ्या दिवशी मोकळे झाले हीच शंकेची जागा, अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं सापडलेलं आहे.

स्टेरॉइड स्वतःच्या मनानं बंद करणं, कारण तोंड सुजलं. शरीर स्वतःचं बनवायचं विसरलेलं असतं, एकदम थांबवलं तर कोसळता, हळूहळूच उतरवायचं. उतरवताना थोडे दिवस अंग आणि सांधे दुखतात, तो फ्लेअरच असतो असं नाही. आणि खूप स्टेरॉइड झाल्यावर मांडीच्या सांध्यात, जांघेत दुखायला लागलं तर ते "आयबीडीचंच" म्हणून सोडू नका, खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा बिघडलेला असू शकतो.

आंबट बंद, वांगं बंद, दही बंद, "वात आहे ना". सांध्यांसाठी आंबट सोडून मला तरी काही फरक पडला नाही. फ्लेअरमधे सावजीचा रस्सा ओढला आणि रात्रभर जागलो, ती मात्र माझीच हौस.

बोटांचे बारीक सांधे, पाचाहून जास्त, महिनोनमहिने: हा तिसरा प्रकार, तो पोटाच्या मागे चालत नाही, फ्लेअर संपायची वाट पाहत बसू नका.

जुलाबासाठी परस्पर सिप्रोफ्लॉक्सासिन घेऊन टाचेच्या वरची जाड शीर (रक्ताची नव्हे, स्नायू हाडाला बांधणारी) दुखायला लागली तर गोळी थांबवून डॉक्टरला विचारा. शीर तुटूही शकते, स्टेरॉइडवर असाल तर धोका जास्त.

क्रोन्स असून सिगारेट. यावर मी बोलणार नाही, मला राग येतो.

लक्षात राहत नाही ही तक्रार. माझ्याकडे भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुधाच्या हिशोबाच्या चौकटीत रोज तीन आकडे असतात, किती वेळा गेलो, कोणता सांधा, सकाळी किती मिनिटं ताठ. ॲप-बिॲप नाही. डॉक्टरांसमोर ते पान मोबाइलवर फोटो काढून दाखवतो, एका मिनिटात त्यांना कळतं. दूध किती घेतलं याचा हिशोब मात्र गवळ्याशी दर महिन्याला चुकतो.

आणि दोन गोष्टींसाठी मला फोनच करू नका, सरळ दवाखान्यात जा. एक, डोळा लाल, दुखतोय, उजेड सहन होत नाही. हे डोळे आलेले नसतात, याच आजाराची सूज डोळ्याच्या आत असू शकते, दुकानातले थेंब न टाकता त्याच दिवशी डोळ्यांचा डॉक्टर. दोन, एकच सांधा प्रचंड सुजलाय, टेकवता येत नाही आणि थंडी वाजून ताप आहे, आणि तुम्ही स्टेरॉइड किंवा ही इंजेक्शनं घेताय. त्यात पू असू शकतो. रात्रीचे दोन वाजले असतील तरी ऑटो करा अन् निघा.