शेवळं घशात खाजू नयेत म्हणून

पहिला पाऊस पडला की ठाणे, पालघर, रायगडच्या बाजारात शेवळांच्या, म्हणजे या पावसाळी रानभाजीच्या, जुड्या येतात. रानात स्वतः काढायची असतील तर बघा, पानं नसतात, जमिनीतून सरळ तपकिरी-जांभळट कोंबच वर आलेला असतो, आणि तो मिटलेलाच घ्या कारण उमलला की घाण वास येतो. कंद मात्र उपटू नका प्लीज, वरून तोडलं तर पुढच्या वर्षी परत येतं. पहिल्यांदा जाताय तर ओळखणाऱ्या एखाद्या आदिवासी मावशींसोबतच जा, फोटो बघून अंदाजाने अजिबात नको.

आता मेन गोष्ट. सुरणाच्याच जातीतलं आहे हे, कॅल्शियम ऑक्झलेटचे बारीक सुईसारखे स्फटिक असतात त्यामुळे कच्चं राहिलं की घसा जाम खाजतो. हाताला तेल लावून बाहेरचं आवरण सोला, आतल्या दांड्यावरचा पिवळा दाणेदार भाग पूर्ण काढून टाका, इथे आळस नको. मग बारीक चिरून तेलात चांगलं परतायचं आणि काकडांचा आंबट रस घालून नीट शिजवायचं. काकडं म्हणजे ती हिरवी छोटी फळं, शेवळांसोबतच विकायला असतात, नाही मिळाली तर चिंच किंवा आमसूल घाला, पण आंबट हवंच. सोडे (सुकवलेली सोललेली कोळंबी) घातले तर अप्रतिम लागते भाजी!