क्लिनिकल रिसर्चमध्ये येताय? आधी गोळ्यांची पिशवी उघडायला शिका

फार्मडी, बीफार्म, बीएएमएस, नर्सिंग करून क्लिनिकल रिसर्चकडे वळणारी बरीच पोरं विचारतात की कुठला कोर्स करू, एसएएस (आकडेवारीचं सॉफ्टवेअर) शिकू का, जीसीपीचं (गुड क्लिनिकल प्रॅक्टिस, म्हणजे माणसांवरच्या चाचण्यांचे नियम) सर्टिफिकेट लागतं का. जीसीपी लागतंच, ते करून टाका. बाकी सॉफ्टवेअर नोकरीत शिकता येतं. पण शुगर-बीपीच्या पेशंटवर औषधांच्या सुरक्षिततेचं काम करायचं असेल तर खरं कौशल्य एकच, पेशंट नक्की काय काय गिळतोय ते काढून घेणं, आणि ते कुठल्याच कोर्समध्ये धड शिकवत नाहीत.

मी पुण्यात एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात कोऑर्डिनेटर आहे. ओपीडीत "अजून काही औषध घेता का?" असं विचारलं की उत्तर ठरलेलं, नाही. तेच "मावशी, गुडघे दुखले की काय घेता?" विचारा, लगेच "ती काय रोजची नाय, मेडिकलवाला देतो ती लाल गोळी." ती लाल गोळी बहुतेक वेळा डायक्लोफेनॅकसारखी पेनकिलर निघते, आणि मावशींना आधीच बीपीची टेल्मिसार्टन आणि लघवी जास्त होण्याची गोळी चालू असते, हे तिन्ही एकत्र आले की किडनीवर ताण येतो आणि क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारा रक्तातला आकडा) वाढलं की सगळे शुगरला दोष देऊन मोकळे. म्हणून पहिल्या व्हिजिटला येताना घरातल्या सगळ्या स्ट्रिप्स पिशवीत घालून आणायला सांगा आणि टेबलावर ओतून एकेक वाचा. गावच्या डॉक्टरांनी एका ब्रँडची आणि शहरातल्यांनी दुसऱ्या ब्रँडची गोळी दिलेली असते, दोन्हीत शुगर उतरवणारं ग्लिमेपिराइडच, पेशंटच्या दृष्टीने ती दोन वेगळी औषधं. काढा, चूर्ण, डोळ्यातले थेंब, सगळं विचारा. आणि उपवास! चतुर्थी, गुरुवार, नवरात्र. जेवण नाही पण गोळी मात्र वेळेवर, मग दुपारी घाम, थरथर, चक्कर. पेशंट त्याला "अशक्तपणा" म्हणतो, तुमच्या फॉर्मवर तो संशयित हायपोग्लायसेमिया (शुगर फार खाली जाणं) असतो. त्या वेळी ग्लुकोमीटरवर आकडा बघितला होता का, तेही विचारून लिहा.

त्रास झाला म्हणजे औषधामुळेच झाला असं नाही. त्रासात औषधाचा हात कितपत आहे ते गुण देऊन ठरवायला १९८१ ची नारान्जो स्केल आहे, १० प्रश्न, ९ किंवा जास्त गुण आले तर डेफिनिट (नक्की), ५ ते ८ प्रोबेबल (बहुतेक), १ ते ४ पॉसिबल (असू शकतो). औषध थांबवल्यावर त्रास कमी झाला का, परत दिल्यावर परत आला का, असे प्रश्न. पण क्रॉनिक पेशंटला चालू औषध बंद करून परत देऊन कोण बघणार, त्यामुळे आपल्या बऱ्याच केसेस पॉसिबल-प्रोबेबलमध्येच अडकतात, त्यात कमीपणा काही नाही. तळपायाला मुंग्या हे नेहमीचं उदाहरण. शुगरमुळेही येतात, आणि वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेऊन बी१२ कमी झाल्यानेही येतात. बी१२ चा रिपोर्टच नसेल तर तुमचा निष्कर्ष हवेतला.

रिपोर्टिंगची भीती मात्र उगाच असते. भारतात फार्माकोव्हिजिलन्स (औषधांच्या दुष्परिणामांवर लक्ष ठेवणं) प्रोग्रॅम २०१० मध्ये सुरू झाला, त्याचं केंद्र गाझियाबादला इंडियन फार्माकोपिया कमिशनमध्ये आहे, बऱ्याच मेडिकल कॉलेजांत त्याची सेंटर्स आहेत. पेशंटची ओळख (फक्त इनिशियल्स), झालेला त्रास, संशयित औषध आणि रिपोर्ट करणारा, एवढं असलं की रिपोर्ट ग्राह्य. हेल्पलाइन १८००-१८०-३०२४, पेशंट स्वतःही फोन करू शकतो. नव्या औषधाची ट्रायल असेल तर मामला वेगळा, २०१९ च्या नियमांप्रमाणे सिरियस घटना इन्व्हेस्टिगेटरने (ट्रायल चालवणाऱ्या डॉक्टरने) २४ तासांत कळवायची, रविवार असो की गणपती विसर्जन.

प्रोजेक्टचा विषय छोटा घ्या बाबांनो. "मधुमेही रुग्णांमधील औषधांची परिणामकारकता व सुरक्षितता" हा विषय नाही, हा बोर्ड आहे. एक औषध, एक त्रास, एक वयोगट, बास. आणि आकडे दिसले की लगेच उड्या मारू नका. इन्सुलिनवाल्यांत किडनीचे त्रास जास्त दिसतीलच, कारण इन्सुलिन मुळात जुना आणि बिघडलेला डायबेटिस असणाऱ्यांनाच जास्त मिळतं. शुगर किती वर्षांची आहे, सुरुवातीचं क्रिएटिनिन किती होतं हे आधीच लिहून ठेवलं नसेल तर शेवटी कुठलाच स्टॅटिस्टिशियन तुम्हाला वाचवू शकत नाही. नुसत्या जुन्या फाइल्स बघायच्या असल्या तरी एथिक्स कमिटीकडे जा, संमती माफ करायची की नाही ते कमिटी ठरवते, गाइड नाही.

नोकरीचं म्हणाल तर दोन वाटा. हॉस्पिटलात कोऑर्डिनेटर, म्हणजे पेशंट, फाइल्स, फोन, पळापळ. नाहीतर कंपनीत सेफ्टीच्या केसेस प्रोसेस करणं, एसी ऑफिस, मेडड्रा कोडिंग (त्रासाला ठरावीक वैद्यकीय कोड देणं), रोजचं टार्गेट. माझं मत विचाराल तर आधी वर्षभर तरी हॉस्पिटल करा. पगार कमी वाटेल, पण नंतर कंपनीत "पेशंटला चक्कर आली" एवढीच ओळ समोर आली की पुढे काय विचारायचं ते तुम्हाला माहीत असेल, कधी आली, जेवणाआधी की नंतर, उठताना की बसल्या जागी, त्या दिवशी बीपीची गोळी दोनदा तर नाही ना घेतली.