आयर्लंडमध्ये पहिला डोंगर कसा निवडावा

डब्लिनला नव्याने आलेला ट्रेकर मराठी माणूस पहिल्याच महिन्यात विचारतो, "इथला सगळ्यात उंच डोंगर कोणता?" कॅरनटूल, साधारण 1039 मीटर. "एवढाच? आपली कळसूबाई 1646 आहे!" घोटाळा इथूनच सुरू होतो.

म्हणून पहिलं काम: उंची विसरा, चढ मोजा. सिंहगड 1300 मीटरवर असला तरी त्यातले साडेपाचशे पुण्यानेच आपल्याला फुकट चढवून दिलेले असतात. आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर पायथा जवळपास समुद्रसपाटीलाच असतो. कॉनेमारातली डायमंड हिल सुमारे 440 मीटर, म्हणजे जवळजवळ 400 मीटर चढ तुमच्याच पायांनी. पहिल्या खेपेला याहून जास्त नको.

मग वेळ काढा. किलोमीटरला 12 मिनिटं, आणि दर 100 मीटर चढाला 10 मिनिटं जास्त. डायमंड हिलची पूर्ण फेरी साधारण 7 किलोमीटरची, म्हणजे हिशोबाने दोन तास. नवख्याने तीन धरावेत. फोटो, डबा आणि धापा टाकणं त्यातच आलं.

आता खरा मुद्दा: पायाखाली काय आहे? सह्याद्रीत घसारा आणि निसरडा कातळ ओळखीचा असतो, पण इथला 'बॉग' वेगळाच. हजारो वर्षं कुजत साचलेल्या वनस्पतींचा पाणी प्यालेला थर, वरून मात्र हिरवंगार गवत. मी एकदा पायवाट सोडून 'जवळच्या' वाटेने गेलो आणि गुडघ्यापर्यंत आत! पाय निघाला, बूट राहिला. तो हाताने उकरून काढावा लागला. म्हणून पहिल्यांदा बांधीव वाटेचाच डोंगर घ्या. डायमंड हिलला लेटरफ्रॅक गावच्या व्हिजिटर सेंटरपासून खडी, फळ्यांची वाट आणि दगडी पायऱ्या आहेत. डब्लिनच्या दक्षिणेला ग्लेनडलॉक दरीतल्या स्पिंक डोंगरावरही फळ्यांची वाट आहे, पण फेरी लांब. 764 मीटरचा क्रो पॅट्रिक तीर्थक्षेत्र म्हणून मोहात पाडतो. जुलैच्या शेवटच्या रविवारी काही भाविक अनवाणीही चढतात. शंकूसारख्या माथ्याचा शेवटचा चढ मात्र खडा आहे. तो दुसऱ्या वर्षी.

दिवस ठरवताना उजेड बघा. जूनमध्ये रात्री दहापर्यंत दिसतं. डिसेंबरमध्ये साडेचारच्या आत सूर्य मावळतो. आदल्या रात्री आणि सकाळीही मेट एरिनचा (इथल्या हवामान खात्याचा) अंदाज पाहा. पाऊस येणारच, त्याचं काही नाही. वारा आणि खाली उतरलेला ढग असेल तर बेत रद्द करा. जीन्स घालू नका, ती भिजली की वाळत नाही. जुलैतही स्वेटर, रेनकोट, टोपी सॅकमध्ये हवीच.

आणखी एक. इथले बरेच डोंगर शेतकऱ्यांच्या मालकीचे आहेत, आणि वाट त्यांच्या मर्जीवर चालते. फाटक जसं सापडेल तसंच ठेवा. कुत्रा गाडीतसुद्धा नको, घरीच ठेवा. मेंढ्यांमागे धावला तर गाव वाट बंद करेल.

निघण्यापूर्वी घरी कोणाला तरी परतायची वेळ सांगा. अडकलात तर 112 लावून 'माउंटन रेस्क्यू' मागा.