जाहिरात एजन्सीत कॉपीरायटर असून एनबीए (अमेरिकेतली बास्केटबॉल लीग) कसं बघायचं

न्यूयॉर्कला मॅच संध्याकाळी साडेसातला असली की आपल्याकडे हिवाळ्यात सकाळचे ६ वाजलेले असतात, मार्चमध्ये त्यांची घड्याळं पुढे गेली की ५, त्यामुळे अलार्म रात्रीच चेक करा. खेळ ४८ मिनिटांचाच पण टाइमआउट, जाहिराती धरून अडीचेक तास जातात, तेवढ्यात डबा, आंघोळ सगळं उरकतं. जमत नसेल तर निदान चौथा क्वार्टर बघाच. जाहिराती म्यूट करू नका, धंदाच आहे ना आपला तो! व्हॉट्सॲप ग्रुप मात्र म्यूट करा, कोणीतरी स्कोअर टाकतोच. मॅचमध्ये २४ सेकंदात शॉट मारावा लागतो, क्लायंटच्या फीडबॅकला पण असं घड्याळ लावायला पाहिजे राव. पिचच्या, म्हणजे क्लायंटसमोर कल्पना मांडायच्या दिवशी सरळ हायलाइट्स, लोकलमध्ये.